शंका घ्या, पण उठून पाहायलाही जा



रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात घटकाभर गप्पा होतात. विरार लोकलमध्ये, लग्नाच्या मांडवात, मयताच्या घरी ओट्यावर बसल्यावरही साधारण तेच विषय निघतात. कोणी म्हणतो, ‘‘कायदा गरिबाला, पैसेवाल्याला कसला कायदा?’’ कोणी म्हणतो, ‘‘आजोबांनी दावा लावायचा आणि निकाल नातवाने ऐकायचा, हे आपले कोर्ट!’’ तिसरा मोबाईलवर घसरतो. हे यंत्र घरात आले आणि घरातली माणसे मुकी झाली, असे त्याचे म्हणणे. चौथ्याला वाटते, आधार, पॅन, बँक, सगळीकडे आपली माहिती गोळा होते, पण आपल्याला मात्र कोणी काही सांगत नाही. शेवटी एक वाक्य येते आणि त्यावर सर्वांचे एकमत होते: ‘‘काही होणार नाही हो, हे असेच चालायचे!’’

आज या शेवटच्या वाक्याविषयी थोडे बोलायचे आहे.

या तक्रारी खोट्या आहेत असे मुळीच नाही. खटले वर्षानुवर्षे पडून असतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोबाईलने घरातला संवाद कमी केला, हे आईवडिलांना वेगळे सांगायला नको. शंका घेणे हे काही पाप नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा ‘सुम्मा थिओलॉजिका’ हा तेराव्या शतकातील ग्रंथ अभ्यासावा लागे. त्याची मांडणी मोठी विचार करण्यासारखी आहे. कोणताही प्रश्न हाती घेतला की संत थॉमस आधी आपले मत सांगत नाहीत. विरुद्ध बाजूचे आक्षेप आधी मांडतात. ‘देव आहे काय?’ या प्रश्नालाही त्यांनी सूट दिलेली नाही. तिथेसुद्धा देव नसावा, असे वाटण्याची दोन कारणे आधी येतात. एक, जगात एवढी दुष्टाई आहे. आणि दोन, देवाला न मानताही सृष्टीचा उलगडा होतो असे दिसते. हे सर्व मांडून झाल्यावर मग त्यांचे उत्तर सुरू होते. ज्या ख्रिस्तसभेने अशा माणसाला आपला थोर गुरू मानले, ती शंकेला घाबरत नाही.

पण संत थॉमस आक्षेपापाशी थांबत नाहीत. आपण मात्र बहुधा तेथेच थांबतो. आक्षेप घेतो, चहा पितो आणि घरी जातो.

नथनेल आणि पिलात

शुभवर्तमानात शंका घेणारी दोन माणसे आहेत. त्यांना शेजारी शेजारी उभे करून पाहू या.

पहिला नथनेल. फिलिप त्याला उत्साहाने सांगतो की, ज्याची वाट पाहत होतो तो सापडला, तो नासरेथचा येशू. नथनेल लगेच शंका काढतो. नासरेथसारख्या आडगावातून काही चांगले निघेल यावर त्याचा विश्वास बसत नाही. अगदी आपल्या कट्ट्यावरचे बोलणे! फिलिप त्याच्याशी वाद घालत नाही, प्रवचन देत नाही. तो त्याला एवढेच सुचवतो की, चल आणि स्वतः पाहा. आणि नथनेल उठतो. शंका मनात ठेवूनच उठतो, पण चालू लागतो. सारी कथा त्या उठण्यात आहे (योहान १:४५-५१).

बऱ्याच अभ्यासकांच्या मते हा नथनेल म्हणजेच प्रेषित संत बार्थोलोम्यू, ज्याचा सण आपण २४ ऑगस्टला साजरा करतो. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने एक परंपरा नोंदवली आहे. पँटेनस नावाचा विद्वान ‘भारता’त आला, तेव्हा बार्थोलोम्यूने मागे ठेवलेले मत्तयचे शुभवर्तमान त्याला येथे आढळले, अशी ती परंपरा. हा भारत म्हणजे कल्याणच्या परिसरातील आपली उत्तर कोकणची किनारपट्टी असावी, असे काही इतिहासकार मानतात. काहींना ते मान्य नाही. यावरही शंका घ्यायला कोणाची हरकत नाही! पण ती परंपरा खरी असेल, तर गालिलातले एक आडगाव नको म्हणणारा हा माणूस पुढे समुद्र ओलांडून आपल्या दारापर्यंत चालत आला, असे म्हणावे लागेल.

दुसरा पिलात. तो तर न्यायाधीश. कायद्याची सर्व सत्ता त्याच्या हाती. समोरचा आरोपी निर्दोष आहे हे त्याला कळले होते आणि त्याने ते बोलूनही दाखवले. सत्याची गोष्ट निघाली तेव्हा त्यानेही प्रश्न विचारला की, सत्य म्हणजे तरी काय? प्रश्न मोठा होता. त्यावर तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले आहेत. पण पिलात उत्तरासाठी क्षणभरही थांबला नाही. विचारले आणि बाहेर जमावाकडे निघून गेला (योहान १८:३८). सत्य त्याच्यासमोर उभे होते, तरी तो चालता झाला. संत मत्तय पुढे सांगतो की, आपल्या हातून काही साधत नाही, उलट गडबड वाढते आहे, हे पाहून पिलाताने पाणी मागवले आणि हात धुतले (मत्तय २७:२४).

बंधु-भगिनींनो, ‘काही होणार नाही’ हे पिलाताचे वाक्य आहे. ते म्हटले की हात धुवायला मोकळीक मिळते. म्हणून शंका मनात आली की स्वतःला एकच विचारावे: मी नथनेलासारखा उठून पाहायला निघालो आहे, की पिलातासारखा प्रश्न टाकून निघून जातो आहे?

कायद्याने काय होते?

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्या वेळी मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते ‘लाईक’ केले. एवढ्यावरून दोघींना पोलिसांनी अटक केली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ हे कलम होते. संगणकावरून किंवा मोबाईलवरून ‘अपमानकारक’ मजकूर पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम. अपमानकारक म्हणजे नेमके काय, हे मात्र त्यात धड सांगितले नव्हते.

त्या दिवशी किती जण म्हणाले असतील की, आता तोंड बंद ठेवलेले बरे, काही होणार नाही! पण दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीला प्रश्न पडला की, असा कायदा असूच कसा शकतो? हा प्रश्न घेऊन ती सर्वोच्च न्यायालयात गेली. पुढे इतरांच्याही याचिका त्यात आल्या. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या दोन मुलींवरील खटला त्याआधीच बंद झाला होता आणि दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित व्हावे लागले होते.

येथे शंकेखोर म्हणेल, ‘‘फादर, पुढचेही सांगा!’’ सांगतो. कलम रद्द होऊनही अनेक ठिकाणी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले. जुलै २०२१ मध्ये हे न्यायालयासमोर आले तेव्हा न्यायाधीशांनाही धक्का बसला. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये. म्हणजे शंकेखोराचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. कायदा कागदावर बदलला म्हणून ठाण्यात बदलतोच असे नाही. पण ते खटले चालूच आहेत हेही कोणीतरी मेहनतीने शोधले, मोजले आणि पुन्हा न्यायालयाच्या दारात नेऊन ठेवले, म्हणूनच तो दुसरा आदेश निघाला. घरी बसून ‘असेच चालायचे’ म्हणणाऱ्यांमुळे तो निघाला नाही.

संत पौलाचे जीवन पाहा. रोमी न्यायव्यवस्थेवर अविश्वास दाखवायला त्याच्याजवळ कारणांची कमतरता नव्हती. त्याच्या प्रभूला त्याच व्यवस्थेने क्रुसावर दिले होते. तरीही यरुशलेमात सैनिक त्याला फटके मारायला बांधू लागले तेव्हा त्याने शताधिपतीला शांतपणे विचारले की, चौकशी न करता रोमी नागरिकाला मारणे कायद्यात बसते काय? आणि सैनिक मागे सरले (प्रेषितांची कृत्ये २२:२५-२९). पुढे त्याने कैसराकडे अपील केले. पौल भोळा नव्हता. व्यवस्था सडलेली असू शकते हे त्याला चांगले माहीत होते. पण त्याने आपला हक्क जाणून घेतला होता आणि योग्य वेळी तो उच्चारला.

संत थॉमस अक्वायनस कायद्याविषयी शिकवताना सांगतात की, तो विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी असलेल्याने केलेला असावा आणि लोकांना जाहीर केलेला असावा. यातील शेवटची अट आपण विसरतो. जो कायदा लोकांना ठाऊकच नाही, तो त्यांच्या उपयोगी कसा पडणार? आणि तो जाणून घेण्याचे काम थोडे आपलेही आहे.

मोबाईलवर आलेले मात्र खरे!

आता एक विचित्र गोष्ट पाहा. कोर्टावर, सरकारवर, डॉक्टरांवर, वर्तमानपत्रांवर आणि कधी कधी धर्मगुरूंवरही शंका घेणारा आपला माणूस मोबाईलवर आलेला निरोप मात्र डोळे मिटून खरा मानतो. पाठवणारा कोण, हे माहीत नसते. तारीख नसते. खाली ‘सर्वांना पाठवा’ एवढे असते, आणि आपण पाठवतो.

त्याची किंमत काय असते? १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. मोबाईलवरून अशा टोळीची अफवा आधीच पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन आणले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांचा जमावाने जीव घेतला. ते सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. त्या भागातही चोरांच्या आणि मुले पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या. पोलीस तेथे पोहोचले होते, तरी जमाव थांबला नाही. कायद्यावर विश्वास नव्हता; अफवेवर होता.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्क माध्यम दिनाचा संदेश खोट्या बातम्यांवरच लिहिला होता. त्यात त्यांनी आपल्याला उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पाकडे नेले. सर्पाने हव्वेला विचारलेला प्रश्न आठवून पाहा. देवाने एका झाडाविषयी आज्ञा दिली होती. सर्पाने ती सर्व झाडांना लावून विचारले. थोडे खरे, थोडे खोटे, आणि वरून काळजी असल्याचा आव. आजच्या खोट्या निरोपाची बांधणीही हुबेहूब अशीच असते. मार्च २०२३ मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस यांचे पांढरा फुगीर कोट घातलेले चित्र जगभर फिरले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले होते, पण असंख्य लोकांना खरे वाटले. आता केवळ चित्र नव्हे, ओळखीच्या माणसाचा आवाजही बनवता येतो.

याहून घातक प्रकार म्हणजे ज्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात तो. व्हिडिओ कॉल येतो. समोर पोलिसाच्या गणवेशातील माणूस असतो. तुमच्या नावे अमली पदार्थांचे पार्सल सापडले आहे, तुम्हाला अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणालाही सांगू नका, ‘तपासणीसाठी’ पैसे या खात्यात भरा, असे दरडावले जाते. देशभर अनेक सुशिक्षित, निवृत्त माणसांनी आयुष्यभराची पुंजी यात गमावली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना आपल्या आकाशवाणीवरील भाषणातून सांगावे लागले की, कायद्यात डिजिटल अरेस्ट असे काही नाही.

आपल्या राज्यघटनेचे २२ वे कलम काय सांगते? अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. फोनवर कोणालाही अटक होत नाही आणि पोलीस खात्यात पैसे मागत नाहीत. एवढे तीन-चार मुद्दे ठाऊक असते तर कितीतरी घरे वाचली असती. कायद्याने काही होत नाही असे आपण म्हणत राहिलो, म्हणून खरा कायदा शिकलो नाही. आणि तो शिकलो नाही, म्हणून खोट्या कायद्याला घाबरलो.

याचा अर्थ यंत्र फेकून द्यावे असा नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि आज भाजीच्या टोपलीवरही चौकटींचे ते छापील चित्र चिकटवलेले दिसते. परदेशी असलेल्या मुलाचा चेहरा आजीला रोज संध्याकाळी दिसतो, तोही याच मोबाईलमुळे. नासरेथातूनही चांगले निघू शकते. प्रश्न यंत्र हाताळणाऱ्या मनाचा आहे.

आपल्या वसईची शिकवण

आपल्या वसईकरांना तर हे नव्याने शिकवायला नको. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथे विकासाच्या नावाखाली जमिनी आणि विहिरींचे पाणी जाऊ लागले, तेव्हा लोकांना शंका आली की, हा विकास नेमका कोणाचा? ती शंका ओट्यावर राहिली नाही. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबर सर्व धर्मांची माणसे रस्त्यावर उतरली. सर्व काही वाचले असे नाही, हे आजची वसई पाहून कळतेच. पण जी हिरवळ आणि जे पाणी उरले आहे, त्यात त्या उठून निघालेल्या माणसांचा वाटा आहे. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेले. त्यांचे नाव घेऊन ‘काही होणार नाही’ म्हणायला आपली जीभ अडखळली पाहिजे.

मग आपण काय करावे? मोठे काही सांगत नाही.

मोबाईलवर आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी नथनेल व्हावे. कोणी लिहिले, कधीचे आहे, दुसरीकडे कोठे आले आहे काय, हे पाहावे. कळत नसेल तर पाठवू नये. न पाठवल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

घरातील आजी-आजोबांना तरुणांनी या आठवड्यात दहा मिनिटे जवळ बसून फोनवरील फसवणुकीविषयी सांगावे. हसत, न रागावता. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. आणि ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांना शहाणपण शिकवू नये, त्यांच्याजवळ बसावे.

रस्ता, पाणी, शाळा यांविषयी तक्रार असेल तर ती कागदावर उतरवावी. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. साध्या अर्जाला १० रुपये लागतात आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर टाळले जाते, अपिले रेंगाळतात, हेही खरे. तरी चहाच्या टपरीवर केलेल्या शंभर तक्रारींपेक्षा तो एक अर्ज अधिकाऱ्याला अधिक जड जातो.

बंधु-भगिनींनो, ख्रिस्तसभा आपल्याला तीन ईश्वरी सद्गुण शिकवते: श्रद्धा, आशा आणि प्रीती. श्रद्धेविषयी आणि प्रीतीविषयी आपण पुष्कळ बोलतो. आशा मात्र मागे पडते. सर्व ठीक होईल असे मनाला समजावणे म्हणजे आशा नव्हे. देव या जगात अजून काम करीत आहे, म्हणून माझे लहानसे पाऊलही वाया जाणार नाही, हा विश्वास म्हणजे आशा. २०२५ हे वर्ष ख्रिस्तसभेने आशेचे ज्युबिली वर्ष म्हणून पाळले. ते वर्ष सरले, पण आशा पंचांगाबरोबर संपत नाही.

नथनेल येशूकडे येत होता तेव्हा प्रभूने त्याला शंका घेतल्याबद्दल रागावले नाही. उलट, याच्यात कपट नाही, असे म्हणून त्याचे कौतुक केले. इतकेच नव्हे, फिलिपने हाक मारण्याआधीच अंजिराच्या झाडाखाली मी तुला पाहिले होते, हेही सांगितले. आपण पाहायला निघण्याआधी प्रभूने आपल्याला पाहिलेले असते. मग उठायला भय कसले?

प्रभू आपल्याला नथनेलाचे निष्कपट मन आणि पौलाचे धैर्य देवो, आणि पिलाताच्या पाण्यापासून आपले हात दूर ठेवो. आमेन.

प्रभूठायी आपला,
धर्मगुरू